आठ ओळी, दोन पॉइंट चौदा

सांडपाणी उपसण्याच्या पंपघरात पहिल्यांदा येणारा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि थोड्या वेळाने लाजून काढतो. यंत्र तपासायला आलेल्या धाकटीने लावला तो काढलाच नाही. एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने ती की-बोर्ड बडवत होती आणि दारात उभा असलेला पंपवाला तिच्याकडे बघत होता.

"काढा मॅडम तो," तो म्हणाला. "रुमालाने वास अडत नाही, रुमालात साठतो. घरी गेल्यावर कळेल."

"तुम्ही आत या ना. असे दारात काय उभे?"

"आत यायची परवानगी नाही मला. निलंबित माणूस उंबऱ्यापर्यंतच. तुम्ही विचारा, मी इथून सांगतो."

एकोणीस वर्षं ज्या खोलीत बसला, तिच्या उंबऱ्याबाहेर तो पायताणं घालून सरळ उभा होता. शुक्रवारी अकरा वाजता त्याची चौकशी होती. निकाल काय लागणार हे सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं होतं. नोकरी जाणार. नोकरीहून जास्त म्हणजे, तो राहायचा खालच्या गल्लीच्या मागेच आणि त्या गल्लीतल्या अकरा घरांनी त्याचं तोंड बघणं सोडलं होतं.

झालं होतं ते असं. सखल भागातलं सगळं सांडपाणी पंपघराखालच्या विहिरीत येतं. एक पंप कायम चालू असतो. पातळी तीन मीटरवर गेली की पंपवाल्याने दुसऱ्याचं बटण दाबायचं. गेल्या मंगळवारी दुपारी ते बटण दाबलं गेलं नाही. विहीर तुंबली आणि पाणी आलं त्याच वाटेने उलटं फिरलं. अकरा घरांच्या न्हाणीघरांतून, संडासांच्या भांड्यांतून ते वर आलं. एका घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा होता, त्याच्या गादीपर्यंत गेलं. आणि पंपघरातल्या नोंदवहीत दुपारी सव्वा ते तीन, दर पंधरा मिनिटांनी एक अशा आठ ओळींत एकच आकडा होता: दोन पॉइंट चौदा.

मुख्य कचेरीचं म्हणणं सरळ होतं. गडी झोपला, तीन वाजता उठला आणि आठही ओळी एका दमात भरून मोकळा झाला.

पातळी दाखवणारी यंत्रणा बसवली होती धाकटीच्या भावाच्या कंपनीने. कंपनी म्हणजे घराच्या तळमजल्यावर पाच टेबलं. दादा मालक, वहिनी कागदपत्रं बघणार, आणि धाकटी एक्केचाळीस वर्षांची होऊनही सगळ्या कचेरीत धाकटीच. प्रोग्राम तिचे. यंत्रणा ठीक होती की नव्हती, असा एका पानाचा अहवाल चौकशीसमोर द्यायचा होता. सकाळी ती निघताना दादा म्हणाला होता, "जाऊन ये, बघितल्यासारखं कर आणि ठीक होती म्हणून लिहून टाक, चिमे."

बघितलं तर खरंच सगळं ठीक होतं. विहिरीच्या कठड्याजवळ खांबावर एक डबा आहे. त्यातला सर्व्हर सेन्सरकडून पातळी घेतो. खोलीतल्या संगणकावरचा क्लायंट दर दहा सेकंदांनी त्याला विचारतो, किती? तो सांगतो, क्लायंट पडद्यावर दाखवतो. धाकटीने डब्याला हाक मारून बघितली, डब्याने ओ दिली. जोडणीचा पोर्ट उघडा होता. आकडे हलत होते: एक पॉइंट बासष्ट, एक पॉइंट पासष्ट, एक पॉइंट एकसष्ट. दुखणं डॉक्टरच्या दारात जाताच पळून जावं तसं सगळं ठणठणीत. मंगळवारचा लॉग काढला. त्यात दर दहा सेकंदांनी ओळ होती: मिळाले, २.१४. मिळाले, २.१४. मिळाले, २.१४.

"काका, राग नका मानू," ती म्हणाली. "झोप लागली होती का?"

"त्या खुर्चीत झोपून दाखवा, मॅडम. तीन पाय आहेत तिला. चौथा माझा."

तिने खुर्चीखाली बघितलं. खरंच तीन होते. आतापर्यंत ती कशावर बसली होती हे कळल्यावर तिने आपला पाय नीट रोवला.

"मग आठ वेळा तोच आकडा लिहिताना काहीच वाटलं नाही?"

"तिसऱ्यांदा वाटलं. मुख्य कचेरीत फोन केला. म्हणाले, पडद्यावर असेल ते लिहा, तुमची अक्कल लिहू नका."

"विहिरीचं झाकण उघडून बघायचं की!"

"कुलूप आहे. किल्ली मोठ्या साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. तुमचं यंत्र बसलं त्या दिवसापासून. म्हणाले, आता वाकून बघायची गरज नाही, कुणी पडलं-बिडलं तर निस्तरायचं कोणी. त्याआधी मी काठी घालून बघायचो. अठरा वर्षं काठीने बघितलं, गल्लीत थेंब नाही गेला." तो थांबला. "आकड्याच्या बाजूला वेळ असते ना, ती बदलत होती. एक तीस, एक पंचेचाळीस. मला वाटलं, वेळ ताजी आहे म्हणजे आकडाही ताजा असणार."

धाकटीने नोंदवही ओढून घेतली. आठ ओळी. अक्षर सारखं नव्हतं. पहिल्या चार निळ्या, पाचवीत पेन संपत आलेलं, पुढच्या तीन काळ्या. एका दमात भरणाऱ्याचं पेन असं मध्ये संपत नाही. आणि खोटं लिहिणारा माणूस आकडे थोडे मागेपुढे करतो. दोन चौदा, दोन सतरा, दोन अकरा. तेवढी लाज खोट्यालाही असते. वाहत्या पाण्याची पातळी दोन तास सेंटिमीटरभरसुद्धा हलली नाही असं लिहायला माणूस एक तर मूर्ख लागतो, नाही तर प्रामाणिक.

तिने डब्याची स्वतःची नोंद उघडली. डबा शेवटचा चालू झाला होता मंगळवारी दुपारी एक वाजून सात मिनिटांनी.

"काका, मंगळवारी एकच्या सुमारास वीज गेली होती?"

"गेली नाही. डोळा मारला फक्त. संगणकाला बॅटरी आहे, तो नाही बंद पडला."

"आणि आकडा सुटला कधी?"

"तीनला बदलीवाला आला, त्याने संगणक बंद करून चालू केला. एकदम चार नव्वद. मी बटणावर उडी मारली. पण तोवर..." त्याने गल्लीच्या दिशेने हात केला आणि तो खाली सोडला.

ती घरी आली ती थेट आपल्या टेबलाशी. वहिनी फाइल घेऊन जवळ आली, थबकली, आणि फाइल लांबूनच टेबलावर सरकवली.

"अगं, कशात हात घालून आलीस?"

"अजून घातलेला नाही," धाकटी म्हणाली.

तिने वीस-पंचवीस ओळींचा एक नकली सर्व्हर लिहिला. जोडणी आली की विचारल्यावर २.१४ सांगायचं, एवढंच त्याचं काम. क्लायंट जोडला. पडद्यावर दोन पॉइंट चौदा आला. मग तिने सर्व्हर मारून टाकला आणि लगेच पुन्हा चालू केला, वीज डोळा मारते तसा. नवा सर्व्हर कान देऊन बसला. क्लायंट त्याच्याकडे फिरकलाच नाही. पडद्यावर दोन पॉइंट चौदा. बाजूला वेळ: ताजी. दहा सेकंदांनी आणखी ताजी. पलीकडचा माणूस कधीच फोन ठेवून गेला आहे, आणि हा रिसीव्हर कानाला लावून त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा लोकांना सांगतोय.

तिने सर्व्हर आणखी एकदा मारला आणि चालू केला. पुन्हा तेच.

कारण शोधायला पाच मिनिटं लागली. क्लायंट रिसीव्ह म्हणतो, दोन सेकंद वाट बघतो. रिसीव्ह उत्तरात किती बाइट आले ते सांगतं. शून्य म्हणजे पलीकडचा गेला. उणे एक म्हणजे काहीतरी बिघडलं. ते उत्तर कुणी बघतच नव्हतं. बाइट आले नाहीत तर बफरमध्ये, म्हणजे आलेला आकडा ठेवायच्या जागेत, मागच्या वेळचा आकडा तसाच पडून. तोच उचलायचा, आजची वेळ लावायची, वाढायचा. उष्टं पान पुसून पाहुण्यापुढे मांडावं तसं.

"कुठल्या गाढवाने लिहिलंय हे," ती मोठ्याने म्हणाली आणि बदलांची नोंद उघडली.

पहिली आवृत्ती दादाची होती. तीत सहा ओळी होत्या. बाइट शून्य किंवा त्याहून कमी आले तर आकडा पुसायचा, पडद्यावर लाल पट्टी आणायची, "संपर्क तुटला" लिहायचं, जोडणी बंद करून नवी करायची. स्वच्छ, नेटक्या सहा ओळी. सात महिन्यांपूर्वी कुणीतरी त्या काढल्या होत्या. बदल करणाऱ्याच्या रकान्यात धाकटीचं नाव होतं. शेरा तिच्याच शब्दांत: "ग्राहकाच्या मागणीवरून लाल पट्टी काढली."

तिला आठवलं. आठवायला नको होतं इतकं स्पष्ट. एका मोठ्या पाहुण्याच्या भेटीत नेमकी दोन ठिकाणी पट्टी लाल झाली होती आणि मोठे साहेब दादावर उखडले होते, ते लाल काढा म्हणून. दादाने जेवताना सांगितलं, चिमे, ते लाल नको म्हणतायत. संध्याकाळी भाचीचा कार्यक्रम होता. पट्टी गेली तर या सहा ओळींना काम काय, म्हणून तिने सहाच्या सहा निवडल्या आणि एक बटण दाबलं. चाचणी घेतली होती. सर्व्हर चालू असताना. छान चालला.

जेवायला बसल्यावर तिने ते सगळं सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला.

"मी पट्टी काढ म्हणालो होतो. तपासणी काढ म्हणालो नव्हतो."

"हो."

"मग?"

"मग काय? मी काढली. पण तुटलेल्या जोडणीवर लिहीत राहिलं की सिस्टिम सूचना पाठवते आणि प्रोग्राम मारून टाकते. निदान पडदा काळा झाला असता, त्या माणसाला कळलं असतं. ती सूचना गप्प करून ठेवणारी ओळ तुझी आहे, दादा. पहिल्या आवृत्तीतली."

"प्रोग्राम बंद पडायला नको म्हणून लिहिली ती! माझ्या सहा ओळी खाली होत्या तेव्हा."

"बंद पडला नाहीच तो. दोन तास ठणकावून खोटं बोलत राहिला."

"जेवताना नको ना रे," वहिनी म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

दादाने पाण्याचा घोट घेतला आणि आवाज खाली आणला. या आवाजात तो गिऱ्हाइकांशी बोलायचा. "हे बघ. माणूस दोन तास एकच आकडा लिहितो. त्याला डोकं नाही? एवढं तरी खरं ना? तेवढंच लिही. यंत्रणा तपासली, चालू स्थितीत आढळली. आज आढळलीच ना? खोटं काय त्यात? चाळीस पंपघरांचं काम येतंय, चिमे. तपासणी आपण गुपचूप परत घालू, सगळीकडे. कुणाला कळणार नाही आणि पुन्हा कधी होणार नाही."

"आणि तो माणूस?"

"त्याला आपण ठेवून घेऊ. गोदामात. माणूस चांगला आहे म्हणतेस ना?"

धाकटीने ताट बाजूला सारलं. ज्या दादाने तिला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवली, उत्तर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून टपल्या मारल्या, तो हात पुसता पुसता एका माणसाचं नाव गटारात सोडत होता आणि वर नोकरी देत होता. पण तिला खरी किळस त्याची येत नव्हती. त्याचा हिशोब ऐकताना तिच्या मनात क्षणभर आलं होतं की, जमेल. त्या क्षणाची तिला किळस आली. ती उठली आणि हात घासून घासून धुतले. वास गेला नाही.

शुक्रवारी चौकशी अधिकारी असलेल्या बाईंना तिने अहवाल दिला नाही. एवढंच म्हणाली, "पंपघरात बसूया. कागदावर सांगून पटणार नाही."

बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि गाडी मागवली. मोठे साहेब वाटेत दोनदा म्हणाले की, याची काही गरज नाही. बाई दोन्ही वेळा "बरं" म्हणाल्या आणि गाडी थांबली नाही.

खोलीत सहा माणसं मावेनात. मोठ्या साहेबांचा रुमाल नाकावर, दादाचा खिशात आणि हात त्या खिशावर. पंपवाला उंबऱ्याबाहेर. बाई म्हणाल्या, "आत या हो, मी सांगतेय ना," तेव्हा तो आत आला.

पडद्यावर एक पॉइंट सत्त्याऐंशी. धाकटीने खांबावरच्या डब्याची वीज काढली, पाच मोजले, परत लावली. मग बदलीवाल्याला चालू पंप बंद करायला सांगितला.

"आता वीस मिनिटं थांबू," ती म्हणाली.

वीस मिनिटं सहा माणसं पडद्याकडे बघत राहिली. आकडा एक सत्त्याऐंशी, वेळ बदलत होती. अकरा बेचाळीस. अकरा पन्नास. कठड्याखालून पाण्याचा आवाज चढत होता, आधी लांबून गुळणा केल्यासारखा, मग जवळून.

"झाकण उघडा," बाई म्हणाल्या.

मोठ्या साहेबांनी खिसे चाचपले. "किल्ली कचेरीत आहे."

"ड्रायव्हरकडे आहे," बाई म्हणाल्या. "कुलपाचं यांच्या जबाबात होतं, मी निघतानाच तुमच्या ड्रॉवरमधून घ्यायला लावली."

झाकण उघडलं आणि वास नुसता वर आला नाही, अंगावर आला. दादा मागे सरला. साहेब भिंतीकडे वळले. पंपवाला वाकला, काठी सोडली, वर ओढली आणि ओली खूण अंगठ्याने धरून बाईंपुढे केली. बाईंनी रुमाल लावला नाही. खुणेला मोजायची टेप लावली.

"दोन एकोणचाळीस," त्या म्हणाल्या. "आणि आत?"

आत पडद्यावर एक पॉइंट सत्त्याऐंशी. वेळ बारा तीन. एकदम ताजी.

"तरी पण," मोठे साहेब रुमालातून म्हणाले, "माणसाने स्वतःची अक्कल वापरायला नको?"

"वापरली साहेब," पंपवाला म्हणाला. "एक पंचेचाळीसला फोन केला. तुम्हीच उचलला होता."

बाई लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "यात संपर्क तुटल्याची सूचना नसते?"

"होती," धाकटी म्हणाली. "पाहुण्यांना दिसते म्हणून साहेबांनी काढायला सांगितली, भावाने निरोप दिला, आणि काढली मी. नुसती सूचना नाही, तपासणीच काढली. तारखेसकट नोंद आहे. ही घ्या."

तिने कागद पुढे केला. दादाने तो अडवला नाही. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही, खांबावरच्या डब्याकडे बघत राहिला.

बाईंनी तिथेच, कठड्यावर कागद ठेवून दोन ओळी लिहिल्या: निलंबन रद्द, आजपासून कामावर रुजू. बाकीच्यांची चौकशी वेगळी, तारीख कळवली जाईल. मोठे साहेब गाडीत बसताना दादाला म्हणाले, "बहिणीला आवरा जरा. चाळीस विसरा आता."

धाकटीने तीन तास तिथेच बसून त्या सहा ओळी परत घातल्या. नुसत्या घातल्या नाहीत, वेळ आकड्याला बांधली. आकडा खरोखर आला त्याच क्षणाची वेळ आता पडद्यावर दिसणार होती. पंपवाल्याने डब्याची वीज स्वतः काढून चार वेळा बघितलं. चारही वेळा पडदा लाल झाला, वीज लावल्यावर आकडा परतला. त्याने मान हलवली, "ठीक" म्हणाला नाही की "उपकार झाले" म्हणाला नाही. धाकटीलाही ते ऐकायचं नव्हतं.

"झालं काका. मी निघू?"

"कुठे?"

"घरी."

"नोकरी मिळाली मला," तो म्हणाला. "बाईंचा कागद आहे. पण तो कागद गल्लीत कोण वाचणार? सहा दिवस मी दारोदार जाऊन सांगतोय, झोपलो नव्हतो. त्या म्हाताऱ्याच्या सुनेने दार लावून घेतलं तोंडावर. बरोबर आहे तिचं. मीपण लावलं असतं." त्याने बदलीवाल्याला खुर्ची दिली, तीन पायांची खूण करून दाखवली आणि दाराबाहेर पडला. "चला."

"मी काय सांगू त्यांना? सर्व्हर, क्लायंट..."

"ते नका सांगू. कुणी केलं ते सांगा."

उतार फार नव्हता. पाच मिनिटांत गल्ली आली. फरशा धुतलेल्या, दारं सताड उघडी, आत पंखे भिंतींकडे तोंड करून लावलेले. भिंतींवर गुडघ्याच्या जरा खाली एक तपकिरी रेघ होती, घराघरातून एकाच उंचीची, जणू कुणी दोरी धरून मारली होती. धाकटीने खिशातला रुमाल चाचपला आणि हात बाहेर काढला. गल्लीतली माणसं पंपवाल्याला बघून तोंडं फिरवत होती, मग मागून येणाऱ्या धाकटीला बघून पुन्हा वळत होती.

दुसऱ्याच घराशी तो थांबला. बाहेर अंगणात एक गादी उभी करून ठेवली होती, वाळायला नव्हे, टाकून द्यायला. दारात हातात ब्रश घेतलेली एक बाई आली. कोपरापर्यंत ओली. तिने पंपवाल्याला बघितलं आणि दाराला हात घातला.

"थांब सूनबाई," तो म्हणाला. "मी नाही बोलणार. ह्या बोलतील."

तो बाजूला झाला. बाईने धाकटीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तिच्या स्वच्छ बुटांपर्यंत, आणि ब्रश खाली न ठेवता म्हणाली, "बोला."